फ्रीजरमधलं भुसभुशीत

काल दुपारी मटार शोधायला फ्रीजर उघडला तर मागच्या पत्र्यावर पांढरी लव आलेली, बोट फिरवलं तर भुसभुशीत, मग मटार राहिले बाजूलाच. आमचा फ्रीज अजून जुना सिंगल डोअर आहे, दर दिवाळीला घरात फ्रॉस्ट फ्रीचा विषय निघतो आणि मी फराळाकडे वळवते. त्यात म्हणे हीटर असतो, अधूनमधून चालू होऊन सगळं गुपचूप वितळवून टाकतो. मग राहिलं काय!

लहानपणी हा बर्फ आम्ही चमच्याने खरवडून त्यावर रसना ओतून खायचो, बोंबलाचा वास असला तरी. डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की खाली परात लावायचं काम आमचं, आधी नुसतं टप टप, मग अख्खी लादी धप्पकन. सुरीला मात्र सक्त मनाई, कारण शेजारच्या काकूंनी एकदा सुरी खुपसली आणि फुस्स, सगळा गॅस गेला.

ह्या बर्फाला आधी पाणी व्हावंच लागत नाही. दार उघडलं की दमट हवा आत येते, त्यातली वाफ गार पत्र्यावर थेट बर्फ होऊनच बसते. एखाद्या कणाचं टोक जरा पुढे आलं की पुढची वाफ आधी त्यालाच मिळते, ते अजून पुढे जातं, अशा फांद्या फुटत जातात. जपानच्या नाकाया उकिचिरोंनी १९३६ साली होक्काइडोच्या लॅबमध्ये पहिला कृत्रिम हिमकण वाढवला तो सशाच्या केसावर. सशाच्या! कोणाला सुचेल?

महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की दरवर्षी कोणीतरी वाद घालतंच, पारा तर शून्याच्या बराच वर, बर्फ कसला? अहो, पारा मोजतात जमिनीपासून चार फुटांवर, पेटीत. निरभ्र रात्री वारा पडला की गवत आणि जीपचं टप आपली ऊब आकाशाला देऊन टाकतात आणि हवेपेक्षाही गार होतात, शिवाय गार हवा उतरून तळ्याकाठच्या खोलगटात साचते ती वेगळीच. मग पहाटे सगळे फोटो काढायला हजर. मीही जाईन, नाही असं नाही.

पण तशीच थंडी निफाडला पडली की द्राक्षवाले रात्रभर जागे, बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक चालू ठेवायचं. मणी तडकले की वर्षाचा पैसा गेला.