तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पाऊस, मग टँकर कशाला?

मे महिन्यात गावी आलेली पाहुणेमंडळी टँकर बघून हमखास विचारतात, "कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाणीटंचाई कशी?"

प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पण तो पडतो जांभ्यावर, म्हणजे सच्छिद्र तांबड्या दगडावर. जांभा पाणी शोषून घेतो आणि उताराला झऱ्यांवाटे सोडून देतो. नद्या आखूड, उतार तीव्र. पावसाळा सरला की बघता बघता पऱ्ये, म्हणजे छोटे ओढे, आटतात.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, एखाद्या वाडीतली विहीर तेव्हा बघावी. तळाशी उतरलेली बाई वाटीवाटीने कळशी भरते आणि पुन्हा पाणी झिरपेपर्यंत तिथेच बसून राहते. टँकर आला की पुष्कळदा तो विहिरीतच रिकामा करतात. मग सगळ्यांचे दोर एकदम खाली सुटतात आणि गढूळ का होईना, पाणी घरी जातं.

सिंगापुरात पाऊस आपल्यापेक्षा कमी, साधारण २,४०० मिलिमीटर. मोठी नदी नाही. पण बेटाच्या सुमारे दोन तृतीयांश भागावरचं पावसाचं पाणी ते जलाशयांत वळवतात, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, समुद्राचं पाणी गोडं करतात, शिवाय मलेशियाकडून विकत घेतात. उलट काँगो लोकशाही प्रजासत्ताकाइतकं गोडं पाणी आफ्रिकेत दुसऱ्या कुठल्याच देशाकडे नाही, तरी निम्म्याहून अधिक लोकांना पिण्याच्या पाण्याची साधी सोयसुद्धा नाही. पाणी साठवायला, शुद्ध करायला, घरापर्यंत आणायला पैसा लागतो आणि नीट चालणारा कारभारही लागतो. टंचाई खरी तिथे आहे.

२०१८ साली केपटाउनमध्ये धरणं तळाला गेली तेव्हा माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली आणि जगभर बातम्या झाल्या. आपल्या जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं उद्दिष्टच माणशी ५५ लिटर आहे! तिथल्या संकटात आणि आपल्या स्वप्नात पाच लिटरचा फरक. याचा मला मनापासून राग येतो.

आणि पाणी नाही म्हणावं तर कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं, दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. त्याच चिपळूण तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. वाडी उंचावर, नदी खाली. मधल्या चढाला पंप, पाइप आणि दर महिन्याचं वीजबिल लागतं. योजना होते, बिल थकतं, पंप बंद पडतो.

गरीब-श्रीमंत देशांचं हे गणित आता एकेका गावात आलंय. सुट्टीसाठी बांधलेल्या बंगल्याला खोल बोअर पडते, बागेला पाणी मिळतं. खालच्या वाडीचा झरा मात्र लवकर आटू लागतो. कायद्याने बोअरवाल्याला क्वचितच कोणी अडवतं.

म्हणून गावात घर बांधायला निघालेल्यांना मी एवढंच सांगतो: आधी छपराचा हिशेब करा. हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी टाकीत धरलंत, तरी सुट्टीतल्या घराला पुरून उरेल. बोअरचं बघू नंतर.