मलप्रभेची वाळू

चपला पाण्याच्या कडेला न ठेवता वर झाडाखाली ठेवायच्या, ही चूक मी लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात केली. खानापूरला मलप्रभेत मनसोक्त डुंबायचं आणि बाहेर आलं की मधे पंधरा-वीस पावलांची वाळू. वेळ दुपारी एकची. ओल्या पायांची पुण्याई पहिल्या तीन पावलांपुरती, पुढे नुसती नाचानाच. कपडे धूत बसलेली आज्जी तिथूनच ओरडायची, "चप्पल घालून यायला काय धाड भरली होती रे तुला?"

संक्रांतीच्या आंघोळीला सगळं उलटं. पहाटे त्याच वाळूवर पाय टेकला की कळ थेट गुडघ्यापर्यंत जायची. पाण्यात उतरलं की मात्र ऊब, इतकी की बाहेर यायला नको वाटायचं.

पुढे शाळेत उत्तर मिळालं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, कोरड्या वाळूला तिच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे जेवढ्या उष्णतेत पाणी एक अंश चढतं, तेवढ्यात तितक्याच वजनाची वाळू पाच अंश चढते. दोन मार्कांना एवढं पुरलं. पण त्या उत्तराने माझे तळपाय का भाजत होते, ते अर्धंच कळतं.

उरलेलं अर्धं टाचेनं शिकवलं. चटका असह्य झाला की आम्ही टाच वाळूत खुपसायचो. वीतभर खाली वाळू चक्क गार! कोरड्या वाळूत कणाकणांमधे हवा अडकलेली, त्यामुळे ऊब खाली झिरपतच नाही. सगळं ऊन वरचा पातळ थर एकटाच सोसतो. पाण्यात तसं नाही. ऊन आत खोलवर उतरतं, प्रवाह ते घुसळून वाटून टाकतो, शिवाय वाफ होऊन जाणारं पाणी जाताना उष्णता घेऊनच जातं. रात्री पाण्याचा वरचा थर निवला की तो जड होऊन खाली बसतो आणि खालचं उबदार पाणी वर येतं. वाळूला अशी खालून मदत मिळत नाही. वरच्या थराने दिवसभराचं ऊन आभाळाला परत केलं की संपलं. म्हणून वाळूला तापट म्हणणं मला पटत नाही. बिचारीचा फक्त पापुद्रा तापतो.

पूर्ण तापलेली वाळू बघायची तर चिरमुऱ्यांच्या भट्टीवर जावं. बेळगावात लहानपणी मी तिथे तासन्‌तास उभा राहायचो. मोठ्या कढईत काळी पडलेली वाळू, तिच्यात मूठभर मिठाचे तांदूळ पडले की पाच-सात आकडे मोजेपर्यंत पांढरेशुभ्र फुलून वर. पाण्याचं हे काम नव्हे. उघड्या भांड्यातलं पाणी शंभराच्या आसपास उकळायला लागलं की पुढे चढतच नाही, भातच होणार. वाळू दोनशेच्याही वर जाते आणि दाण्याला चहूबाजूंनी मिठी मारते. पण तिच्याजवळ साठा थोडा. चाळणीतून वाळू परत कढईत पडली की भट्टीवाले मामा जाळ सारायचे आणि थांबायचे.

"द्या की ओ मामा लवकर," मी म्हणायचो.

"तापू दे की रे तिला."

मग कागदाच्या पुडीत गरम चिरमुरे. अधूनमधून दाताखाली एखादा कण कचकन यायचा. तो मात्र कधीच निवलेला असायचा.