एका जहाजाची दोन जहाजे

गेल्या मे महिन्यात, जळगावचा पारा 44 अंशांवर असताना, माझ्या टेबलावरच्या सीआरओच्या, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावर एका जहाजाची दोन जहाजे दिसू लागली. हा 20 मेगाहर्ट्‌झचा सीआरओ मी भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून आणला असून, अटारीच्या 1979 सालच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’च्या धर्तीवरचा, अवकाशातले दगड फोडणाऱ्या जहाजाचा एक खेळ मी त्यावर चालवतो. त्या काळच्या आर्केड यंत्रांतला व्हेक्टर मॉनिटर टीव्हीप्रमाणे ओळीमागून ओळ भरत नसे. त्यातला इलेक्ट्रॉनांचा किरण एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट रेषा ओढी आणि पुढच्या रेषेकडे उडी घेताना विझवला जाई. सीआरओ एक्स-वाय मोडवर ठेवला, म्हणजे एका सिग्नलने किरण आडवा आणि दुसऱ्याने उभा हलवला, की तोही हेच करतो. आर्केडच्या मॉनिटरमध्ये किरण वळवण्याचे काम चित्रनळीच्या मानेवरचे योक (तारेची वेटोळी) करते, सीआरओत ते नळीच्या आतल्या पट्ट्या करतात, एवढाच काय तो फरक.

व्हेक्टर पडद्यावरच्या नको त्या रेषांना आम्ही सरसकट ‘भूत’ म्हणतो, पण त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. उड्यांच्या फिकट रेषा दिसत असतील, तर किरण विझवणारा झेड सिग्नल पुरेसा पोहोचत नाही किंवा ब्राइटनेस वाजवीपेक्षा जास्त आहे. रेषेच्या सुरुवातीला शेपूट दिसत असेल, तर किरण जागेवर स्थिरावण्याआधीच पेटवला जात आहे. माझ्या सर्किटमधल्या एमसीपी 4922 या डॅकला (आकड्यांचे व्होल्टेज करणाऱ्या चिपला) स्थिरावायला 4.5 मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढी वाट पाहावीच लागते. याच डॅकची एलडॅक पिन, जिच्यामुळे दोन्ही व्होल्टेज एकदम बदलता येतात, जमिनीला जोडून ठेवली, तर एक्स आधी आणि वाय नंतर बदलतो व कोपऱ्यांवर हुकासारखे बाक उमटतात. या चुका मी पूर्वीच करून बसलो होतो.

या वेळचे भूत वेगळे होते. भाचा म्हणाला, “मामा, उजवीकडचा दगड डबल दिसतोय, पण आकडे एकदम क्लिअर आहेत.” मी नीट पाहिले. दगडाच्या दोन प्रतिमांमध्ये जवळजवळ दोन मिलिमीटर अंतर होते, जहाजाच्या दोहोंमध्ये त्याच्या निम्मे, आणि वरच्या गुणांच्या आकड्यांपाशी दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. शिवाय ही मिसळण्याची जागा मिनिटभरात हळूहळू सरकत जहाजावर येई आणि मग आकडे दुहेरी होत.

खरे तर उत्तर एवढ्यातच होते, पण मी सवयीप्रमाणे पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर बदलण्यात दोन दिवस घालवले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वाळतात, हे खरेच आहे. पण वाळलेल्या कॅपॅसिटरने असे भूत दिसणार नाही, हे कागदावर दोन ओळी मांडल्या असत्या तरी कळले असते. माझा खेळ सेकंदाला 100 वेळा चित्र काढतो, म्हणजे एका चित्राला 10 मिलिसेकंद. एसीचे डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, 100 हर्ट्‌झचा असतो, त्यामुळे तो प्रत्येक चित्राला सारखाच वाकवील आणि चित्र वाकडे का होईना, एकच दिसेल. 50 हर्ट्‌झच्या लहरीला मात्र एका फेरीला 20 मिलिसेकंद लागतात. एका चित्राच्या वाट्याला तिचा वरचा अर्धा भाग येतो, पुढच्याच्या वाट्याला खालचा, आणि डोळ्याला दोन स्थिर चित्रे दिसतात. ज्या क्षणी ती लहर शून्यावर असते, त्या क्षणी काढलेली रेषा तेवढी एकेरी राहते. ग्रिडची वारंवारता 50 च्या किंचित वर-खाली होत असल्यामुळे हा एकेरी तुकडा सरकत राहतो.

तेव्हा शोध 50 हर्ट्‌झच्या उगमाचा होता. पहिला संशय कूलरच्या मोटरवर गेला, पण घामाघूम होऊन तो बंद ठेवला तरी फरक पडला नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरले, टेबलाखालच्या स्टॅबिलायझरचा रिले ‘टक्’ वाजला आणि त्याच क्षणी दोन जहाजांमधले अंतर वाढले. मी सीआरओ जागच्या जागी काटकोनात फिरवला; अंतर पुन्हा बदलले. हे काम तारांमधून येणाऱ्या गोंगाटाचे नसून स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे होते, कारण असे क्षेत्र पट्ट्यांच्या नळीतल्या किरणालाही वळवतेच. स्टॅबिलायझर दोन मीटर दूर सरकवला आणि जहाज एक झाले.

अशा क्षेत्रापासून बचाव व्हावा म्हणून नळीभोवती म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे आवरण असते. प्लग काढून, नळीवरचा हजारो व्होल्टांचा दाब उतरवून मी ते पाहिले, तर पूर्वी कोणीतरी त्यावरचे पोचे हातोडीने ठोकून सरळ केलेले होते. म्यू-मेटलला मार बसला की त्याची क्षेत्र स्वतःतून वळवून नेण्याची ताकद घटते आणि ती परत आणायची तर हायड्रोजनच्या भट्टीत तापवावे लागते. ती सोय माझ्याकडे नाही. स्टॅबिलायझर आता व्हरांड्यात कूलरशेजारी आहे, तेथून वायर खिडकीतून आत घेतली आहे, आणि दगडांच्या कडांना रेषेच्या जाडीएवढा कंप अजून दिसतो.