आज पाणी ३८ फुटांवर

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाऊस काय थांबायचं नाव घेत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३८ फुटांवर गेली म्हणून मघाशी ग्रुपवर आलं. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्या शाहूपुरीत पोरांनासुद्धा पाढ्यासारखे पाठ आहेत. आकडा वाचला की माझ्या पोटात खड्डा पडतो, तळहाताला घाम फुटतो आणि मग दर दहा मिनिटांनी मोबाईल हातात.

२०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचावर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं होतं. ते सगळं निस्तरून, भिंती वाळवून रंग मारला, तर २०२१ ला ५६ फूट ३ इंच! दोन्ही वेळा फ्रिज गेला, धान्य गेलं, लग्नाचा अल्बम गेला. पाणी ओसरलं तरी तो चिखलाचा वास नाकातून जाईना. त्यानंतर उन्हाळ्यात शेजारची टाकी भरून वाहायला लागली तरी छातीत धडधड व्हायची, शेवटी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशनाला पाठवलं.

तिथल्या ताईंनी सांगितलं, रोज झोपताना तीन गोष्टी लिहा, ज्याबद्दल आभार मानावेसे वाटतात. खरं सांगते, मला राग आला. कारण तोवर येईल तो हेच सांगून जात होता, जीव वाचला ना, देवाचे आभार मान, लोकांचं याहून वाईट झालंय. असं ऐकलं की रडायचीसुद्धा चोरी होते. तरी पंधरा दिवस लिहिलं. घर आहे, माणसं आहेत, तब्येत बरी आहे. रोज तेच आणि आत काहीच हलत नव्हतं.

वही बघून ताई म्हणाल्या, "घर आहे असं नको लिहू. आज घरात काय झालं, कुणी केलं, ते लिही."

त्या रात्री लिहिलं, आईंनी (सासूबाईंनी) गुडघा दुखत असताना उभ्याउभ्या माझ्या केसांना तेल लावलं, काही बोलल्या नाहीत. एवढंच. पण लिहिताना तो तेलाचा गार हात परत डोक्यावर जाणवला आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

मग जुनं पण आठवायला लागलं. २०१९ ला पाण्याची उपसा केंद्रंच बुडाली होती, चारी बाजूला पाणी आणि नळाला थेंब नाही. तेव्हा एक तालमीतला पोरगा कमरेएवढ्या पाण्यातून दोन कॅन खांद्यावर घेऊन आमच्या जिन्यापर्यंत आला होता. "वहिनी, प्यायचं हाय, जपून वापरा," म्हणाला आणि गेला. नाव पण नाही विचारलं मी. एवढी वर्षं मला नुसतं पाणी आठवत होतं, तो पोरगा आठवतच नव्हता. भीतीला फक्त पाणी लक्षात राहतं, माणसं ती पुसून टाकते. वहीमुळे मला माझी माणसं परत मिळायला लागली, माझ्यापुरतं तरी हे असं आहे.

यावर संशोधन पण झालंय, एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं २००३ चं. त्यात काही लोकांना आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या आणि काहींना कटकटी, तर चांगलं लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं. पण वही म्हणजे औषध नाही. माझी गोळी वर्षभर चालू होती आणि एकदा रात्री दोन वाजता फारच घाबरले तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन केला होता, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुणाला गरज पडली तर बिनधास्त करा.

आज संध्याकाळी कुंभार गल्लीत हाक आली, पाणी चढायलंय, गणपती हलवायचेत. आम्ही सगळे गेलो. अजून रंग न लागलेले पांढरेशुभ्र गणपती, प्लास्टिकचा कागद गुंडाळलेले, हातोहात वरच्या मजल्यावर. एक मूर्ती माझ्या हातात आली, सोंडेवर पावसाचा थेंब थांबला होता, पुढच्या काकूंनी पदरानं तो टिपला आणि मगच मूर्ती घेतली. तासभर मोबाईलची आठवणच झाली नाही.

आजच्या तीन ओळी. काकूंचा पदर. लेकीनं न सांगता स्वतःची पुस्तकं पिशवीत भरून माळ्यावर ठेवली. आणि तो कॅनवाला पोरगा, आज परत.

बाहेर अजून कोसळतोय. सिलेंडर वर चढवलाय, कागदपत्रं पिशवीत आहेत. सकाळी सहाला आकडा बघीन, तोवर मोबाईल आईंच्या उशाला ठेवलाय.