डिस्नी स्प्रिंग्ज : भाडेकरूंच्या बेटावरची एक संध्याकाळ

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डच्या विस्तीर्ण आवारात डिस्नी स्प्रिंग्ज हा तळ्याकाठचा परिसर आहे. तेथे आत जायला तिकीट लागत नाही आणि वाहनतळही विनामूल्य आहे. बहुतेक पर्यटक येथे जेवायला आणि खरेदीला येतात. मी मात्र एक प्रश्न मनात घेऊन आलो होतो. करमणुकीतला लहानसहान तपशीलही स्वतःच्या हाती ठेवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने आपल्याच जागेतील रात्रीची करमणूक बाहेरच्या व्यावसायिकांकडे का सोपवली असावी?

आज ‘द लँडिंग’ म्हणून ओळखला जाणारा मधला भाग म्हणजे पूर्वीचे प्लेझर आयलंड, रात्रीच्या क्लबांची वस्ती. १ मे १९८९ रोजी ते सुरू झाले, तेव्हा शिडे बनवणाऱ्या एका काल्पनिक कारखानदाराच्या ओस पडलेल्या इमारतींत हे क्लब थाटले आहेत, अशी कथा कंपनीने रचली होती. एका तिकिटात सर्व क्लब हिंडता येत आणि अनेक वर्षे तेथे रोज रात्री नववर्षाचे स्वागत होत असे. त्यांपैकी ‘ॲडव्हेंचरर्स क्लब’विषयी मी बरेच वाचले होते. १९३७ साल चालू आहे अशी कल्पना असलेल्या या क्लबात नट सभासदांच्या भूमिकेत पाहुण्यांशी गप्पा मारत आणि भिंतीवरचे मुखवटेही बोलत. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीने हे क्लब बंद केले. पुढे बरीच वर्षे बांधकाम चालले आणि २०१५ मध्ये परिसराला सध्याचे नाव मिळाले.

आता तेथे फिरताना दारागणिक मालक बदलतो. बाहेरच्या चालकांना डिस्नीच्या भाषेत ‘ऑपरेटिंग पार्टिसिपंट’ म्हणतात. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात कर्मचाऱ्याच्या छातीवर नाव आणि गाव लिहिलेला बिल्ला असतो. शेजारच्या उपाहारगृहात गणवेश निराळा, बोलण्याची ढब निराळी. ‘रॅग्लन रोड’ या आयरिश पबमध्ये मी बराच वेळ रमलो. जेवणाऱ्यांच्या मधोमध छोट्या रंगमंचावर नर्तकांचे पाय इतक्या वेगाने आपटत होते की टेबलावरच्या पेल्यांतले पाणी थरथरत होते. हा पब २००५ पासून, म्हणजे जुने क्लब चालू असल्यापासून येथे आहे, आणि ते बंद पडल्यानंतरही तो टिकला. पलीकडे ‘द बोटहाउस’समोर १९६०च्या दशकातली जर्मन बनावटीची ॲम्फिकार उतारावरून थेट तळ्यात शिरताना पाहिली. पाण्यात मागचे दोन पंखे तिला ढकलतात आणि पुढची चाकेच सुकाणूचे काम करतात. एखाद्या भाडेकरूने एवढी हौस करावी, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

तरीही फरक जाणवतो. अशा जागांच्या करारांत साधारणपणे ठरावीक भाडे आणि विक्री एका मर्यादेपलीकडे गेली की तिच्यातला वाटा, अशी रचना असते. म्हणजे धंदा बुडाला तर तोटा चालकाचा, चालला तर फायदा दोघांचा. जमीनमालकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे, कारण रिकामा क्लब चालवताना नटांचे पगार थांबत नाहीत. परंतु प्रत्येक चौरस फुटाचे भाडे काढायचे म्हटले, की एका पेयावर तासन्‌तास गप्पा ऐकत बसणारा पाहुणा परवडत नाही. आणि ॲडव्हेंचरर्स क्लब नेमका अशाच पाहुण्यांवर जगत होता. त्यामुळे येथे खाणे पूर्वीपेक्षा कितीतरी विविध आहे, पण सारा परिसर बांधून ठेवणारी गोष्ट उरलेली नाही.

अपवाद एकच भेटला. विमानाच्या जुन्या हँगरसारखा सजवलेला ‘जॉक लिंडसीज हँगर बार’ कंपनी स्वतः चालवते, आणि तेथील भिंतींवरच्या पत्रांत, वस्तूंत ॲडव्हेंचरर्स क्लबचे संदर्भ सापडतात. ते शोधत मी बराच वेळ बसलो, आणि कोणी उठायची घाई केली नाही. तळ्याकाठच्या जागांपैकी निदान दोन-तीन तरी कंपनीने अशा स्वतःच्या हाती ठेवाव्यात, असे मला वाटते. जाणाऱ्यांनी जेवण कुठेही घ्यावे, पण या बारसाठी वेळ राखावा. तेथून रॅग्लन रोड चालत अगदी जवळ आहे.