घरच्या पवनचक्कीचं नेट मीटरिंग : माझा अनुभव

नेट मीटरिंग म्हणजे घरच्या चक्कीची उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला द्यायची आणि ती युनिट आपल्या बिलातून वजा करून घ्यायची. पवनचक्कीचं कोटेशन मागवण्याआधी वीजबिल हातात घ्या. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर पहिल्याच टेबलावर अर्ज परत येतो. आधी नावबदल, मग बाकी सगळं. दुसरा आकडा मंजूर भाराचा, म्हणजे कंपनीने आपल्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॅटचा. यंत्रणेची क्षमता त्याच्या आत बसली पाहिजे, नाहीतर भारवाढीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१५ चे नेट मीटरिंगचे नियम फक्त छतावरच्या सौरसाठी होते. २०१९ च्या नियमांत नवीकरणीय ऊर्जा असा व्यापक शब्द आला आणि घरगुती पवनचक्कीला वाट मिळाली. तरी काउंटरवर हातात पडतो तो सौरचाच फॉर्म. अर्जात ‘स्रोत : पवन’ असं ठळक लिहा. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान वाऱ्याला लागू नाही. १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायची २०२४ ची सवलतही सौरचीच. आपल्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का, ही तपासणी त्यामुळे टळत नाही. अर्जासोबत सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा साधा एकरेषी आराखडा) आणि चक्कीची वीज ग्रीडजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची चाचणी प्रमाणपत्रं लागतातच.

आता पैशांचं. ‘वीज विकणे’ हा शब्द फसवा आहे. ग्रीडला दिलेलं युनिट बिलातल्या युनिटमधून वजा होतं, तेव्हा त्याची किंमत पूर्ण घरगुती दराइतकी असते. ३१ मार्चला शिल्लक उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण फार कमी दराने. स्थिर आकार तर सुटतच नाही. सुदैवाने हे हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं : जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात साठलेली युनिट मार्चपर्यंत वापरून संपतात. म्हणून चक्की वर्षाच्या वापराइतकीच घ्या. मोठी घेऊन नफा होत नाही.

कंपनीच्या पत्रकातली क्षमता बहुधा सेकंदाला १० ते १२ मीटर वाऱ्याची असते. ३ मीटर व्यासाची पाती फिरताना सुमारे ७ चौरस मीटर क्षेत्र व्यापतात. एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरली तर १० मीटरच्या वाऱ्यात हजारेक वॅट मिळतात आणि ५ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम १३५. वारा निम्मा, वीज एक अष्टमांश. आमच्यासारख्या हजार मीटर उंचीच्या पठारावर हवा विरळ असते, तिथे आणखी दहाएक टक्के वजा करा. गच्चीवर चक्की बसवू नका. घराला आपटून वर येणारा वारा गोंधळलेला असतो, शिवाय थरथर भिंतीत उतरते. आसपासच्या झाडांपेक्षा आणि घरांपेक्षा निदान १० मीटर उंच, स्टे वायरवर (चहूबाजूंनी ताणलेल्या तारांवर) उभा आणि आडवा पाडता येणारा खांब घ्या. तो कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचता कामा नये.

केबलमध्ये बरेच जण फसतात. ४८ व्होल्टच्या चक्कीतून १,००० वॅट म्हणजे जवळपास २१ अँपिअर. ६० मीटर अंतराला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर जाऊन-येऊन सातआठ व्होल्ट वाटेतच मुरतात, म्हणजे सोळाएक टक्के. केबल जाड करण्यापेक्षा जास्त व्होल्टेजची चक्की परवडते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे डंप लोडचा, म्हणजे ग्रीड सुटल्यावर चक्कीची वीज उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचा खर्च वाचवणं. ग्रीडवरचा इन्व्हर्टर लाइट गेली की दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडतो. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन आपल्या विजेने मरेल. सौर पॅनलला त्याने काही होत नाही. चक्कीचं तसं नाही. भार सुटला की पाती मोकाट सुटतात, व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेपलीकडे जातं आणि कार्ड जळतं. त्यात पावसाळ्यात वारा जोरात असतो तेव्हाच फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाइन, बंद पडतो. म्हणून डंप लोडला चक्कीच्या पूर्ण क्षमतेच्या दीडपट रेझिस्टर घ्या आणि ते बाहेर, जाळीच्या पेटीत बसवा. चक्कीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून पाती रोखणारा ब्रेक स्विच असतो, पण तो हळू वाऱ्यात वापरायचा. वादळात ओढला तर पाती थांबतीलच असं नाही, वाइंडिंग मात्र जळू शकतं.

दुसरी कटकट व्होल्टेजची. नियमानुसार २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टला इन्व्हर्टर ग्रीडपासून सुटतो. रात्री फीडरवर भार कमी असतो, व्होल्टेज आधीच चढलेलं असतं, आणि नेमका वारा असतो. आठवडाभराच्या नोंदी काढून त्या अर्जाला जोडल्या, तेव्हा कुठे डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलला गेला. तोंडी सांगून उपयोग होत नाही. इन्व्हर्टरमधला पॉवर कर्व्हही, म्हणजे कुठल्या वेगाला किती वीज ओढायची याची मांडणी, तपासा. कमी वेगातच जास्त ओढायला लावलं तर पाती गुदमरतात आणि चक्की फिरतच नाही.

जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात ढिलं पडतं, त्यामुळे मोजणी मे महिन्यात करा. ५ ओमच्या खाली हवं. आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा खड्डा वेगळा. एसी बाजूला, म्हणजे इन्व्हर्टर आणि ग्रीड यांच्या मध्ये, वायरमनला बाहेरून कुलूप लावता येईल असा स्विच द्या.

नेट मीटर बसला की त्याच दिवशी, वारा असताना, घरातला सगळा भार बंद करा. निर्यातीचा आकडा पुढे सरकला पाहिजे. आयातीचा सरकला तर जोडणी उलटी आहे. जुन्या मीटरचं अखेरचं आणि नव्याचं सुरुवातीचं, दोन्ही रीडिंगचे फोटो घेऊन ठेवा. पहिल्या बिलात निर्यातीच्या रकान्यात शून्य छापून येणं नवलाचं नाही. तेव्हा हेच फोटो जोडून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.