एमा कर्कबी आणि न हलणारा सूर

गेले आठ-दहा दिवस कानात फक्त एमा कर्कबी ही इंग्लिश गायिका आहे. सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज, म्हटलं की मला तो ऑपेरातला काचा फोडणारा थरथरता आवाज आठवायचा, म्हणून त्या वाटेला मी फारशी गेलेच नव्हते, आणि मग हे ऐकलं. सूर सरळ लागतो आणि लागला की तिथेच थांबतो, जराही हलत नाही.

गंमत म्हणजे बाईंच्या डोक्यात गायिका व्हायचं नव्हतंच. जन्म १९४९ चा, इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीचा. ऑक्सफर्डला सॉमरव्हिल कॉलेजात लॅटिन-ग्रीक शिकल्या, मग शाळेत शिकवायला लागल्या, गाणं आपलं हौस म्हणून, कॉयरमध्ये नि छोट्या ग्रुपात. १९७३ पासून अँथनी रूलीच्या कन्सॉर्ट ऑफ म्युझिक या जुनं संगीत गाणाऱ्या ग्रुपबरोबर गायला लागल्या आणि मग ती हौस आयुष्यभर पुरली. रूली ल्यूटवाले (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य), आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ल्यूटचा आवाज एवढासा. मोठ्या ऑर्केस्ट्रावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर आवाजाला ताकद लागते, कंप लागतो, पण शेजारी ल्यूट असेल तर त्याच आवाजाखाली बिचारा गुदमरून जाईल ना. त्यात जुन्या वाद्यांची पट्टीही खालची, बरोक, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या, संगीताला हल्ली बहुतेक ४१५ हर्ट्झ धरतात, नेहमीच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा सूर कमी. म्हणजे ओरडायचं कारणच उरत नाही.

तरी नावं ठेवणारे होतेच, पोरासारखा आवाज आहे, पांढराफटक आहे वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. शब्द ऐका ना! जिने लॅटिन नुसतं पाठ केलेलं नाही, वाचलंय, तिला कुठल्या शब्दावर क्षणभर रेंगाळायचं ते कळतं, आणि ते रेंगाळणं कंपाच्या गर्दीत ऐकूच आलं नसतं.

१९८० साली क्रिस्टोफर हॉगवूडच्या अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक या वाद्यवृंदाबरोबरचं हँडेलच्या ‘मसाया’चं रेकॉर्डिंग आलं, त्यातही त्या आहेत. पुढे शंभराहून जास्त रेकॉर्डिंग्ज, २००७ ला ‘डेम’ हा किताब, हे सगळं यथासांग झालं.

पण मी अडकलेय ते ख्रिस्तोफर पेजच्या गॉथिक व्हॉइसेस या ग्रुपबरोबर गायलेल्या हिल्डेगार्डमध्ये. बाराव्या शतकातली जर्मन मठातली बाई, तिची पदं. पहिल्याच पदाच्या पहिल्या ओळीत कबुतर खिडकीच्या जाळीतून आत बघतंय, एवढंच. खाली दोन सूर सलग चालू, तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला लगेच घरचं वाटतं, आणि त्यावर एमाचा एकटा आवाज. ताल नाही, घाई नाही, ओळ संपते तिथे ती श्वास घेते, तोही ऐकू येतो, मग बाकीच्या बायका ओळ उचलतात आणि इतका वेळ ती एकटीच होती हे आपल्याला तेव्हा कळतं. काल रात्री हेच सात वेळा लावलं, आठव्यांदा लावलं तेव्हा नवरा म्हणाला, हेडफोन आहेत ना आपल्याकडे?